सुईण पलीकडे जाते

"आई, नावेतून उतर," असाहेल म्हणाला आणि त्यानं बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

ड्रुसिला उतरली नाही. कात्री, दोरा, जुनेरं बांधलेलं गाठोडं तिनं मांडीशी आणखी जवळ ओढलं. लुईस्टनच्या या काठावरून समोरच्या क्वीन्सटनला ती वीस वर्षं बाळंतपणं करायला जात होती. नायगारा नदी इथं अरुंद. पलीकडची हाक अलीकडे ऐकू यायची. तिकडे इंग्लंडच्या राजाचा अंमल आहे हे तिला ठाऊक होतं, पण त्यानं कधी काही अडलं नव्हतं. थोरली लेक लोईस तिनं तिकडेच दिली होती. काल इंग्लंडशी लढाई जाहीर झाल्याची बातमी आली, आणि आज सकाळी लोईसला कळा सुरू झाल्याचा निरोप.

नदी ओलांडायची नाही, असा हुकूम सुटला होता. पहाऱ्यावर नेमका तिचाच मुलगा होता.

"तुझ्या बहिणीचं पहिलं मूल पोटातच गेलं," ती म्हणाली. "या खेपेला मी जाणार."

असाहेलनं मागं वळून पाहिलं. कप्तान लांब होता. "गेलीस तर परत येऊ देणार नाहीत. आता ते लोक वेगळे, आई. आपण अमेरिकन."

हा शब्द त्याच्या तोंडून तिनं आजवर ऐकला नव्हता. कुणी विचारलं तर तो लुईस्टनचा म्हणायचा. फार तर न्यूयॉर्क राज्याचा. आता त्याचा चेहरा लग्न ठरल्यासारखा उजळला होता. तिला त्याचीच धास्ती वाटली.

"आणि लोईस कोण?"

त्यानं पायानं नाव पाण्यात लोटली आणि पाठ फिरवली.

पलीकडे लाल डगलेवाल्या इंग्रज शिपायांनी तिचं गाठोडं उचकलं. राजाशी इमान राखणार का, असं विचारलं. मूल झालं की सांगते, म्हणून ती तडक चालू लागली.

दुपार कलताना मुलगी झाली. रडली. ड्रुसिला गरम पाणी न्यायला चुलीपाशी आली, तर तिथं जावई बसलेला. ॲम्ब्रोज मूळचा अमेरिकेतल्याच कनेक्टिकटचा. स्वस्त जमिनीपायी बापाबरोबर इकडे आलेला. मासळीच्या जाळ्याची शिशाची वजनं कापून तो पळीत वितळवत होता. ते जाळं तो आणि असाहेल मिळून टाकत. ओतलेल्या बंदुकीच्या गोळ्या राखेत निवत होत्या.

"मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत," ती म्हणाली.

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग शरमून सांगू लागला, की सगळ्यांनाच राजाच्या फौजेत भरती व्हावं लागलंय, नाही म्हटलं तर जमीन जाईल. पळी साच्यावर धरताना त्यानं विचारलं, "असाहेल कसा आहे, आई?"

"समोरच्या काठावर पहाऱ्याला आहे."

पळी तशीच राहिली. बाहेर कवायतीचे हुकूम चालले होते. आत बाळ पुन्हा रडू लागलं, तेव्हा ड्रुसिलानं पाण्याचं भांडं उतरवून घेतलं.

पळीतलं शिसं थिजलं होतं. मोकळ्या झालेल्या विस्तवावर ॲम्ब्रोजनं पळी पुन्हा ठेवली.