थोरली कोण?

भाच्याचं लग्न साकोलीला होतं. नवी नवरी घरात आली तेव्हा तिच्या माहेरची एक म्हातारी तिला पाया पडायला घेऊन फिरत होती. नवरदेवाच्या दोघी आत्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. म्हातारीने दोघींकडे नीट पाहिलं आणि नवरीला आनंदाबाईसमोर उभं केलं.

"आधी थोरल्या आत्याच्या पाया पड."

आनंदाबाई धाकटी. शेजारी बसलेली धुरपता तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. कोणीतरी मागून खुसखुसलं. आनंदाबाईने नवरीच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण त्यानंतर ती पंगतीतही धड जेवली नाही.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. दोघी पन्नाशीच्या आसपासच्या. धुरपता सावळी नाही, चांगली काळी. आनंदाबाई गोरी. लहानपणी दोघींना एकत्र पाहून लोक विचारायचे, "या सख्ख्या बहिणी व्हय?" लाखनीचे यादोराव धुरपताला पाहायला आले होते. पाण्याचा तांब्या घेऊन आनंदा पुढे आली, आणि आठ दिवसांनी निरोप आला की धाकटी द्या. पुढल्या साली धुरपताला दिघोरीचे जागेश्वर मिळाले. माणूस चांगला निघाला, संसार चांगला झाला. तरी ते निरोपाचं तिच्या मनातून पुरतं गेलं नव्हतं. म्हणून म्हातारी चुकली तेव्हा धुरपताला आत कुठेतरी गोड वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाबाई खिडकीशी आरसा घेऊन बसली होती.

"बाई, मी इतकी म्हातारी दिसून राहिली का वं?" थोरल्या बहिणीला ती 'बाई'च म्हणायची.

धुरपता जवळ जाऊन बसली. तिने बहिणीचा चेहरा उजेडात धरला. डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या वर, कपाळावर बारीक बारीक घड्या. गळ्यावर लाल ठिपके.

"घड्या तं हायेत," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"रंगाच्या पायी यायनं मले नेलं," आनंदाबाई म्हणाली. "तुले सोडून मले. आता तोच रंग मले म्हातारी करून राहिला."

इतक्या वर्षांत ही गोष्ट दोघींच्या तोंडून कधी निघाली नव्हती. धुरपताचा कालचा गोडवा गेला.

मग आनंदाबाई चोळी बदलायला उठली आणि धुरपताची नजर तिच्या दंडावर गेली. चोळीच्या बाहीने झाकलेली कातडी गुळगुळीत होती, एखाद्या तरण्या पोरीची असावी तशी. बाही जिथे संपायची तिथून खाली मात्र कातडी खरखरीत, सुरकुतलेली.

"आनंदा, थांब. हात वर कर."

"काहून?"

"कर तं."

दोघींनी तो दंड न्याहाळला. एकाच हाताचं वय वरती एक आणि खालती दुसरं.

"हे वय नोहे वं," धुरपता म्हणाली. "हे ऊन हाय. वय असतं तं सगळ्या हातावर आलं असतं."

मग धुरपताने आपली बाही वर सारली. तिच्या हातावर बाहीच्या वर आणि खाली रंगाचा फरक होता, पण घड्यांचा फारसा नव्हता. आता आनंदाबाईला नवल वाटलं.

"ऊन तं तुह्या अंगावर माह्याहून जास्त. दरसाली धानाच्या रोवण्यात तू बांधीतल्या चिखलात वाकून असतेस. मंग तुले काहून नाई?"

दिघोरीला परतल्यावर धुरपता ज्याला त्याला न्याहाळू लागली. म्हशी राखणारा श्रावण गोरा होता. त्याची मान सुकलेल्या तलावाच्या चिखलासारखी भेगाळली होती. बनियन काढून तो आंघोळीला बसला की पाठ मात्र कशी सपाट! शेजारची तुळसा श्रावणाच्याच वयाची, रंगाने काळी. तिच्या मानेवर काहीच नव्हतं. जागेश्वर म्हणाले, "लोकायच्या माना पाहत फिरू नको, हसतात."

"हसू द्या," धुरपता म्हणाली.

महिन्याभराने ती लाखनीला गेली आणि आनंदाबाईला घेऊन तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे पोचली. बाईंना वाटलं, दुखणं असेल. धुरपताने दोघींचे हात टेबलावर ठेवले.

"बाई, आम्ही सख्ख्या बहिणी. मोठी कोण, सांगा."

डॉक्टरीणबाईंनी आनंदाबाईकडे बोट दाखवलं. दोघी हसल्या, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्याही खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"कातडीचा काळा रंग असतो ना, तो उन्हाला अडवतो," त्या म्हणाल्या. "तुमच्यात तो जास्त आहे. यांच्यात कमी, म्हणून ऊन आत खोल जातं आणि कातडीचा ताण सैल करतं. घड्या लवकर पडतात."

"म्हंजे काळ्याले ऊन लागतच नाई?" धुरपताने विचारलं.

"लागतं हो. तुमच्या गालावर हे काय?"

धुरपताच्या दोन्ही गालांवर काळसर डाग होते. वांग असतील असं समजून ती तिकडे कधी लक्ष देत नसे.

"यांच्या चेहऱ्यावर उन्हाने घड्या केल्या, तुमच्या चेहऱ्यावर डाग केले. वय तुमच्यावरही चढतं, फक्त दुसऱ्या खुणांनी. डोक्यावर पदर दोघींनीही पुढे ओढत चला."

आनंदाबाई बराच वेळ बहिणीच्या गालाकडे पाहत होती. "मले हे डाग कधी दिसलेच नाई," ती म्हणाली. "मी तुले आपली तेच बाई समजून पाहत होती, जशी लहानपणी होती."

त्या साली रोवणा लागला तेव्हा आनंदाबाई चार दिवस दिघोरीला राहायला आली. गावच्या तलावाच्या पायऱ्यांवर बायका तिला घेरून बसल्या, कारण धुरपताने तिच्या दंडाची गोष्ट सगळीकडे सांगून ठेवली होती. आनंदाबाईने आधी आढेवेढे घेतले, मग हसत बाही वर सारली. पाहता पाहता प्रत्येक बाई आपापली बाही वर करून शेजारणीच्या हाताला हात लावून पाहू लागली. गोऱ्या, गव्हाळ, काळ्या, सगळ्या.

तेवढ्यात आनंदाबाईचा पदर डोक्यावरून घसरला. तुळसा ओरडली, "अवो, हिचे केस तं काळेभोर! आन् धुरपताबाईचे पांढरे!"

धुरपताने आपला पदर मागे केला. खरंच होतं. केस तर दोघींचे सारखेच पदराखाली असायचे.

"मंग हे कायनं झालं?" तिने विचारलं.

दोघी बहिणी तिथेच पायरीवर बसून एकमेकींच्या डोक्यात बोटं घालून पाहू लागल्या.