माझा हात

"गुन्हा कबूल आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं, आणि मिस्त्री पटकन बोलून गेला, "माझा हात, साहेब."

त्याच्या वकीलबाईंनी डोळेच मिटले.

गॅरेजचा रिवाज कोर्टाला कुठून ठाऊक असणार? दुरुस्त केलेली गाडी तक्रार घेऊन परत आली, की शेवटचं काम ज्याचं त्याने पुढे होऊन 'माझा हात' म्हणायचं. चूक कुणाची, ते मग निवांत बघायचं. ही गाडी मात्र परत आलीच नाही. उतारावर तेलाची नळी फुटून ब्रेक गेले आणि गाडीच्या मालकाचा तरणाताठा मुलगा जागच्या जागी संपला. मिस्त्रीने ब्रेकचे लायनर बदलले होते. ती नळीही बदलू या, असं त्याने मालकाला सांगितलं होतं. मालक म्हणाला होता, "चालतंय तोवर चालू दे."

"नीट ऐका," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "कबूल म्हणालात, तर लगेच शिक्षा होऊ शकते. नाकबूल म्हणालात, तर खटला चालेल. गुन्हा सरकारने सिद्ध करायचा."

"साहेब, काम मीच केलं. पण पोरगं जावं म्हणून नाही केलं. मग मी काय म्हणू?"

"ते तुम्हीच सांगायचं."

मिस्त्रीची मती गुंग झाली. खरं सांगायला यावं, तर इथे दोनच शब्द, आणि दोन्ही आपल्या मापाचे नाहीत! शेवटी बाईंनी डोळे वटारले तसा तो "नाकबूल" म्हणाला आणि उगीचच ओशाळला.

"नळीचं मालकाने एकदा मान्य केलं ना, की सुटलात तुम्ही," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मालकच समोर आला. शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"मिस्त्री, नळी बदला असं तुम्ही म्हणाला होतात का हो मला? पोराची आई सारखी विचारते. मला काही केल्या आठवत नाही."

बाईंनी कान टवकारले. मिस्त्रीची नजर त्या खालीवर लागलेल्या बटणांवर गेली. हो म्हटलं तर आपण घरी जाऊ. पण हा माणूस कोणत्या तोंडाने घरी जाईल?

"नाही," तो म्हणाला. "सांगायचं राहूनच गेलं माझ्याकडून."

"अहो!" बाई ओरडल्या.

"म्हणजे तूच," मालक म्हणाला. त्याचे खांदे एकदम सैल पडले आणि तो भिंतीला टेकून मोठमोठ्याने रडू लागला. बाईंनी बाही धरून ओढलं, तरी मिस्त्री त्याच्यासमोरून हलला नाही.