जाऊन-येऊन

"हात वर कर, आई. अजून एक राहिलाय."

विमानतळाच्या दाराशी, ढकलगाड्यांच्या रांगेजवळ, मुलगा आईला तिसरा स्वेटर चढवत होता. वरच्या कोटाच्या खिशांत त्याने औषधं, चष्म्याचं घर आणि दोन जाडजूड पुस्तकं आधीच कोंबली होती.

"अंगावरच्या कपड्यांचं वजन कुणी करत नाही," तो म्हणाला.

"आणि मी गुदमरतेय त्याचं काय?"

"दहा मिनिटं गं. आत गेलो की काढ सगळं."

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. चौदाव्या मजल्याच्या वर कामानिमित्त तो कधी गेला नव्हता, तरी कामावर आणि नातेवाइकांत त्याला 'पायलट' म्हणत. त्याचे सल्ले ठरलेले: मंगळवारचं विमान घ्या, पाठीवर मावेल तेवढंच सामान न्या, बोर्डिंग पास घरूनच काढा, बाटली रिकामी नेऊन आत भरा, तपासणीला लहान मुलांच्या कुटुंबामागे चुकूनही उभे राहू नका. कुणी प्रवासाला निघालं की आधी त्याला फोन यायचा. त्याचा त्याला केवढा अभिमान! खरं सांगायचं तर अभिमान बाळगावा असं त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतंही.

आईच्या तिकिटात तर त्याने कमालच केली होती. नुसतं येण्याचं तिकीट महाग होतं. जाऊन-येऊन घेतलं तर जवळजवळ निम्म्यात पडत होतं. मग जाऊन-येऊन घ्यायचं आणि परतीच्या विमानात बसायचंच नाही! कामावरच्या लोकांनी त्याची पाठ थोपटली.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. महिन्यापूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि सकाळपासून दुपारपर्यंत तशीच फरशीवर पडून राहिली. शेवटी शेजारणीने दार फोडवलं. त्याच दिवशी मुलाने ठरवलं, आता आई आपल्याकडे, कायमची. तिला मात्र तो म्हणाला, "थोडे दिवस राहून तर बघ."

आईने एकच गोष्ट विचारली होती. "परतीचं काढलंयस ना?"

"काढलंय की. तीन महिन्यांनी, सोळा तारीख, मंगळवार, दुपारी चार."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणून तर ते त्याला इतकं सोपं गेलं.

आई एकतीस वर्षं बसस्थानकाच्या तिकीटखिडकीवर बसली होती. छापलेल्या तारखेवर तिचा जेवढा विश्वास होता, तेवढा पोटच्या पोरावरही नसावा. ती निर्धास्त होऊन विमानात बसली.

एकदा रुळली की ती स्वतःच म्हणेल, राहते मी इथेच. असा मुलाचा हिशेब होता. आई आनंदात राहिली, तिने सुनेशी गप्पा मारल्या, खिडक्यांचे पडदे शिवून दिले. पण तिने कपाटातली एकच फळी वापरली. चप्पल तुटली तर नवी घेईना. "घरी आहेत ना माझ्या," म्हणाली.

दवाखान्यात नाव नोंदवायला नेलं, तिथल्या बाईंनी कायमचा पत्ता विचारला. आईने आपला जुना पत्ता सांगितला.

"आजी, इथला सांगा."

"इथे मी पाहुणी आहे हो."

मुलगा भिंतीवरचा दातांचा तक्ता मन लावून वाचत राहिला. तोवर तिच्या दोन खोल्या त्याने फोनवरूनच घरमालकाला परत दिल्या होत्या आणि शेजारणीने भांडी वाटून टाकली होती.

"तू सांगतोस की मी सांगू?" बायकोने कितीदा विचारलं.

"मीच सांगतो. या रविवारी."

किती रविवार आले आणि गेले. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसाला बाहेरून धीर देण्यात त्याचा हातखंडा होता, पण आईसमोर त्याची जीभ उचलत नव्हती. त्याला तिची भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

सोळा तारखेला सकाळी अकराला बायकोचा फोन आला. "लगेच घरी ये. आई तयार होऊन बसल्यात."

आई बाहेरच्या खोलीत ठेवणीतले कपडे घालून बसली होती. पायाशी बॅग होती.

"आलास? बसनेच जाऊ, टॅक्सी नको. बॅग बघ, तुझ्या पद्धतीने भरलीय. वजनसुद्धा केलं."

तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"आई, ते तिकीट... जाऊन-येऊन स्वस्त पडत होतं म्हणून काढलं."

"बरं केलंस की."

"परत जायचं म्हणून नव्हतं काढलं."

आईला कळायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "आणि घर?"

"घरमालकाला दिलं. दोन महिने झाले."

"भांडी?"

"शेजारच्या काकूंनी दिली कुणाकुणाला."

"म्हणजे तिला माहीत होतं. रोज फोनवर बोलते माझ्याशी." ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"आई, तू परत पडली असतीस तर?"

"पडले असते. पण मला विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, आपण भांडलो असतो."

"आणि तू जिंकली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"म्हणून," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

 आईने घड्याळाकडे पाहिलं.

"चारला सुटायचंय ना? रद्द कर ते."

"नुसतं सोडून दिलं तरी चालतं गं. पैसे तसेही परत मिळत नाहीत."

"पैशांचं कोण बोलतंय? जागा अडवून ठेवलीयस तू. कुणाला तरी आजच घरी जायचं असेल."

त्याने विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, प्रवासी स्वतः बोलल्याशिवाय रद्द करता येणार नाही.

आईने हात पुढे केला. फोन घेताना ती ताठ बसली. आपलं पूर्ण नाव, तारीख, वेळ तिने सावकाश, स्पष्ट सांगितलं. तो आवाज मुलाने लहानपणी तिच्या तिकीटखिडकीच्या काचेबाहेर उभं राहून ऐकला होता.

"आपण प्रवास करणार नाही, बरोबर?"

"बरोबर."

"कारण काय लिहू, मॅडम?"

आईने मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"प्रवाशाने विचार बदलला, असं लिहा," ती म्हणाली.

आणि जागा मोकळी झाल्याचं पलीकडून सांगेपर्यंत तिने फोन कानापासून हलवला नाही.