लाल खुणेचे सतरा दगड

कुंभिवलीच्या हमरस्त्याला लागून असलेल्या रंगाच्या कारखान्यात गवत कापायचं मशीन आलं, तेव्हा सगळ्यात आधी धास्ती घेतली ती गौराबाईनं. कारखान्याच्या कुंपणाआतलं चार एकर गवत ती आणि तिची शेजारीण जिजा दर वर्षी दसऱ्यानंतर विळ्यानं कापत. त्याची मजुरी नव्हती, पण गवत त्यांचं. त्या भाऱ्यांवर गौराबाईच्या दोन म्हशी होळीपर्यंत तगत. मशीन मात्र गवताचा असा भुगा करी, की म्हैस तोंड लावायला गेली तर नाकात जावा.

कारखान्यात सुरक्षा बघायला दहिवलीचे विष्णू चौबळ होते. माणूस सज्जन, पण जिन्याची पायरीसुद्धा तपासल्याशिवाय चढायचा नाही. मशीन खांद्याला अडकवायचं, पुढे पातं गरगर फिरणार; तेव्हा त्यातले सगळे धोके कागदावर उतरल्याशिवाय ते चालवायचं नाही, असा त्यांचा हुकूम सुटला. पहिला नियम बुटांचा. जाड बूट पायात नसतील तर मशीनला हात लावायचा नाही. मग चष्मा, मग बघ्यांनी पन्नास पावलं लांब राहणं. मशीनवर नेमलेल्या पदूकडून हे सगळं घोकून घेतलं आणि चाचणी झाली. पहिल्याच फेरीत गवतातल्या दगडाची कपची उडाली आणि चौकीच्या खिडकीची काच घेऊन गेली. आत पहारेकरी चहा पीत होता. तो वाचला, चहा तेवढा गेला.

साहेबांनी लगेच नवा नियम काढला. गवतातला दगड न् दगड लाल खुणेनं दिसला पाहिजे, म्हणजे पदू त्याच्यापासून लांब राहील. पण दगड ठाऊक कुणाला? कारखाना यायच्या आधी ती जागा गावाचं वरकस, म्हणजे गवताचं माळरान होती आणि गौराबाईची उमर तिथंच गवत कापण्यात गेली होती. तिच्या तळव्यांना एकेक दगड ओळखीचा होता. साहेबांनी खुणा करायचं काम तिलाच सांगितलं. आपल्याच म्हशींच्या तोंडचा घास आपल्याच हातानं काढायचा, याचा तिला असा काही संताप आला म्हणता! पण ती बरं म्हणाली.

आता गंमत बघा. कारखाना रंगाचा, पण त्यात वाटीभर लाल रंग मिळेना. स्टोअरवाला तीन सह्यांची चिठ्ठी मागे आणि तिसरी सही करणारा रजेवर. चौबळसाहेब वैतागले. म्हणाले, "गौराबाई, लाल दिसेल असं काहीही लावा, पण उद्यापर्यंत लावा."

"कायबी चालंल ना, सायेब?" गौराबाईनं पुन्हा विचारून घेतलं.

चालेल म्हणाले. मग तिनं घरी वाटीत शेंदूर तेलात कालवला आणि शनिवारी दिवसभर राबून सतरा दगड रंगवले. दोन-चार दगड बाहेरून आणून वाढवावेत असं मनात आलं होतं, पण नेमून दिलेल्या कामात लबाडी करणं तिला पटेना.

सोमवारी सकाळी कामगार आत आले. दहा वाजेपर्यंत नऊ दगडांवर झेंडूची फुलं होती आणि एकापुढे नारळ फुटला होता. पदू मशीन घेऊन आला, त्यानं समोर बघितलं आणि मुकाट्यानं बूट काढले. साहेबांनी बूट घालायला सांगितले. देवाच्या अंगणात बूट घालून जाणार नाही, म्हणाला. अनवाणी जावं, तर मशीनला हात लावायची साहेबांचीच बंदी. शेवटी साहेबांनी मशीन स्वतःच्या खांद्याला लावलं. दोन पावलं गेले असतील. समोर शेंदूर, मागे कुंपणापाशी उभे शंभरभर कामगार. साहेबांचा हात आपसूक बुटाच्या नाडीकडे गेला. एक बूट निघालासुद्धा. मग आपलाच नियम आठवला आणि ते बगळ्यासारखे एका पायावर राहिले.

त्यांनी गौराबाईला जवळ बोलावलं. "खरं सांगा, हे देव आहेत की दगड?"

देवाच्या नावानं खोटं बोलणं तिच्यानं होणार नव्हतं आणि खरं बोलावं तर म्हशी उपाशी.

"मी दगडच रंगवले, सायेब. पन नारळ मी नाय फोडला. ह्ये दगड हायेत म्हून त्या मान्सांना तुमीच सांगा."

साहेबांनी माणसांकडे पाहिलं आणि बूट पायात घातला. कागदावर लिहिलं, "धोका: फार मोठा. उपाय: विळा." मशीन स्टोअरमध्ये परत गेलं. त्याला एकही सही लागली नाही.

गौराबाई हसत हसतच गवतात शिरली. जिजा मात्र विळा घेऊन बाहेरच उभी.

"येतेस ना गं?"

"देवाच्या रानातली काडीबी घरी नेत नाय, गौरे. ह्ये गवत म्हशीला कसं घालायचं?"

गौराबाईचं हसू जागीच मावळलं. हा नेम तिनंच आपल्या सुनांना शिकवला होता. ती एका लालभडक दगडाशेजारी बसली आणि त्याच्याभोवतीचं गवत मुठीत धरून बघितलं.

"जिजा," ती म्हणाली, "गवत उगवलं आषाढात. देव आला शनवारी. मागनं आलेल्यानं आधीच्यावर हक सांगावा का?"

जिजाला ते पटलं. ती आत आली, कंबर खोचून बसली आणि तिनं पहिली मूठ धरली.

"आन् पुढल्या साली गं?"

गौराबाईनं विळा चालवला. "पुढल्या सालापतोर," ती म्हणाली, "तिसरी सही झाली आसंल. कागदावर विळा तर हायेच, शेंदूर खरवडून रंग लावू."