सेटबंदी

ज्या वर्षी आमच्या वुनिसेई गावात सेटबंदी झाली, त्याच वर्षी माझी घोडी हातची जायची वेळ आली. दोन्ही गोष्टी माझा मेव्हणा साकेआसी याच्यामुळे घडल्या.

साकेआसी माझ्या मामाचा मुलगा. आमच्या बेटांवर आत्या-मामाची पोरं एकमेकांचे मेव्हणे लागतात, आणि मेव्हण्याला वाटेल ते बोलायची मुभा असते. मी त्याला भोपळा म्हणतो, तो मला वाळवलेला ऑक्टोपस म्हणतो. सख्ख्या भावाशी आम्ही असं बोलत नाही, त्याच्याशी मान खाली घालून बोलतो. मेव्हण्यांनीही तसंच बोलायचं ठरवलं, तर गावात हसायला काही उरणार नाही. त्या वर्षी साकेआसी गावकारभारी होता.

सेट हा शब्द इंग्रजांचा. त्यांनी तो इथं आणला आणि जाताना न्यायला विसरले. शाळेतले मास्तर सांगतात, इंग्रजीच्या जाड कोशात या एका शब्दाला पानंच्या पानं दिलेली आहेत. मला अक्षरं म्हातारपणी आली, आता कोश वाचायला आयुष्य पुरायचं नाही. पण आमच्या गावात ती सगळी पानं लोक न वाचता वापरतात. कसा आहेस विचारलं की सेट. होडी सुटणार का, सेट, म्हणजे अजून सुटलेली नाही. जेवण झालं, सेट. उद्या कामाला येशील ना, सेट, यात येणंही आलं आणि न येणंही. भांडण मिटलं की दोघं एकमेकांना सेट म्हणून घरी जातात. आखूड म्हटलं तर वेगळं, लांबवून म्हटलं तर वेगळं, नुसत्या भुवया उडवून म्हटलं तर आणखी वेगळं. ऐकणाऱ्याला सगळं कळतं, आणि बोलणारा कशातच अडकत नाही.

त्या वर्षी मोठे पाद्री गावाला भेट द्यायला येणार होते. साकेआसी घरोघर फिरला. लाकडं? सेट. भट्टीचे दगड? सेट. केळीची पानं? सेट. डुकराचं त्यानं तीन घरी विचारलं, तिन्ही घरी सेट. प्रत्येकाला माहीत होतं की बाकीच्या दोघांनी सेट म्हटलंय, तेव्हा आपलं डुक्कर कशाला मारा.

प्रार्थना झाली, पाहुणे चटईवर बसले, आणि जमिनीतल्या भट्टीवरची माती नि पानं काढली. खाली अळकुड्या होत्या. छान भाजल्या होत्या. वामे नावाचा आमचा एक गडी काठी घेऊन दगडांपर्यंत ढोसत राहिला. डुक्कर लाजून तळाशी बसलं असेल अशी त्याला आशा होती. शेवटी मोठ्या पाद्रींनी अळकुडीबरोबर डब्यातले मासे खाल्ले आणि या साध्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. साध्या म्हणताना ते थोडं थांबले. साकेआसीची मान जी खाली गेली ती पाहुण्यांची गाडी सुटेपर्यंत वर आली नाही.

सोमवारच्या गावसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, आजपासून या गावात हो म्हणायचं नाहीतर नाही म्हणायचं, तो मधला शब्द बंद. जो म्हणेल त्यानं देवळाच्या आवारातलं गवत हातानं उपटायचं. मग त्यानं विचारलं, सगळ्यांना समजलं ना? सगळी सभा म्हणाली, सेट.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आवारात ओणवं होतं.

त्यानंतर माणसं जपून बोलायला लागली. अकानिसी म्हातारीला कशी आहेस विचारलं की ती पूर्वी सेट म्हणून चालू लागायची. आता तो रस्ता बंद झाल्यावर ती खरं सांगू लागली. आधी गुडघा, मग कंबर, मग सून. लोक तिच्या घरामागच्या चिखलातून जाऊ लागले. बसचा ड्रायव्हर वळणावर येऊन नेहमीसारखा ओरडायचा, सेट का? आत कुणी हूं की चूं करायचं नाही. गाडी तशीच उभी. एकदा आतली एक बाई म्हणाली, हो, पण माझा नवरा अजून घरी पँट शोधतोय. एवढी माहिती त्या ड्रायव्हरला आजवर कुणी दिली नव्हती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. अडचण मागण्याची होती. आमच्याकडे माणूस दारात येऊन काही मागू लागला तर त्याला नाही म्हणत नाहीत. ते त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं आहे. म्हणून तर सेट होतं. कुणी कुऱ्हाड मागितली की सेट म्हणायचं. कुऱ्हाड गेली तर गेली, नाही गेली तर मागणारा समजून घ्यायचा, आणि नाही कुणीच म्हटलेलं नसायचं. आता नाही तोंडातून निघेना, म्हणून सगळे होच म्हणू लागले. गावातल्या वस्तू फिरायला लागल्या. माझं मोठं पातेलं वामेकडे गेलं, तिथून त्याच्या भावजयीकडे, तिथून कुठं ते कळलं नाही. रविवारी देवळात माझा कोट समोरच्या बाकावर बसला होता. माझी बायको वासिती हिनं एका बाईकडे कंदील मागितला. मिळाल्यावर पाहते तर तो आमचाच.

हे सगळं मी सोसत होतो, पण मनात एकच धास्ती होती. कुणी वुलाला मागितलं तर?

वुला माझी घोडी. पांढरी आहे, म्हणून चंद्राचं नाव. माझा यंगोनाचा मळा वर डोंगरात आहे. यंगोना म्हणजे ज्याच्या मुळ्या कुटून, पाण्यात कालवून आम्ही पितो ते झुडूप. माझे गुडघे त्या चढाला केव्हाच शरण गेलेत. वुला मला वर नेते, मुळ्यांची पोती खाली आणते, आणि त्यावर आम्हा दोघांचं चालतं. माझी लेक लंबासा शहरात असते. तिथं सिमेंटचं घर आहे, खिडकीला गज आहेत, आणि बाबा आता इकडे या म्हणून ती दर फोनला सांगते. ती प्रेमानं सांगते. पण त्या घरात मी चार दिवस राहिलोय. दिवसभर पंख्याकडे बघत बसायचं आणि संध्याकाळी तो बंद करायचा. वुला नसेल तर डोंगर नाही, आणि डोंगर नसेल तर लंबासा, एवढा साधा हिशोब होता.

एका संध्याकाळी साकेआसी आला. हातात यंगोनाच्या मुळ्यांची जुडी होती. दारात वाकून आत आला, जुडी माझ्यापुढं ठेवली आणि चटईवर मांडी घालून बसला. मला ऑक्टोपस म्हटलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, हा काहीतरी मागायला आलाय. मुळ्या पुढं ठेवून मागितलेली गोष्ट ही साधी मागणी नसते.

वासितीनं लाकडी परातीत यंगोना कालवली. पहिली करवंटी मला दिली. मी टाळी वाजवून ती घेतली आणि रिकामी केली, जीभ बधिर झाली. मग साकेआसीनं खाली बघत सांगितलं. त्याचा जावई माईकेली, खाडीपलीकडच्या नावातुकुलाचा, त्यानं चढावर नवा मळा धरलाय. त्याला घोडी हवीय. वुलाच हवीय.

आम्ही पीत राहिलो. मी वासितीकडे पाहिलं. ती परातीकडे बघत होती. मला नाही म्हणता येत नव्हतं आणि हो म्हणवत नव्हतं. जो शब्द मला हवा होता त्यावर समोर बसलेल्या माणसानंच बंदी घातली होती.

"हो की नाही ते सांग," साकेआसी म्हणाला.

"जावयाला तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शब्द कुठं ठेवलाय मी." त्यानं करवंटी खाली ठेवली. "मेव्हण्या, तू नाही म्हण रे. तुझ्या घोडीशिवाय तू काय करशील ते मला दिसत नाही का? पण मी त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणू, लेक दिलीय तिथं. तू मला नाही म्हण. मला वाटेल ते बोलायची तुला मुभा आहे."

म्हणजे माणूस मुळ्या घेऊन नकार मागायला आला होता. असं मागणं आमच्या बापजाद्यांनी ऐकलं नसेल.

मी प्रयत्न केला. भोपळा म्हणणं सोपं आहे, लहानपणापासूनची सवय. पण पुढ्यात मुळ्या होत्या आणि त्या मी पिऊन बसलो होतो. ना एवढं आलं, पुढचं आलंच नाही. साकेआसी माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जसं मूल चालायला लागताना आई बघते.

"नाही," वासिती म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती परात ढवळत राहिली. "घोडी मिळणार नाही. आता उरलेली प्या आणि घरी जा. मला चटई झाडायचीय."

साकेआसीनं एवढा मोठा श्वास सोडला की दिवा हलला. मग त्याला शंका आली, बायकोनं म्हटलेलं चालेल का. म्हणून मीही म्हटलं, हळूच. तिच्या मागून म्हणायला तितकं जड गेलं नाही.

हा नकार नावातुकुलाला पोचवायचा राहिला. साकेआसी म्हणाला, मी एकटा जाणार नाही. शनिवारी ओहोटीला किनाऱ्यानं निघालो. माझ्या गुडघ्यांमुळे मी वुलावर बसलो, तो पायी. वाटेत तो नाही म्हणायची तालीम करत होता. खेकड्यांना नाही म्हटलं, वाळूत पडलेल्या नारळांना म्हटलं, एका कुत्र्याला इतकं जोरात म्हटलं की ते पळून गेलं. मी म्हणालो, भोपळ्या, जमतंय तुला. तो खूष झाला.

गाव दिसायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. जी घोडी द्यायची नाही म्हणून सांगायला चाललो होतो, तिच्यावरच बसून मी चाललो होतो.

उतरून परत जायला उशीर झाला होता. माईकेलीच्या पोरांनी आम्हाला पाहिलं आणि पळत सुटली. अंगणात गेलो तर नवा खुंट ठोकलेला, कापलेल्या ओल्या गवताचा ढीग, पाण्याची बादली भरलेली. माईकेलीचा बाप घराच्या पायरीवर उभा होता, स्वच्छ सदरा घालून. साकेआसीची लेक वडिलांकडे बघून हसत होती. मी उतरलो. माईकेलीनं पुढं होऊन माझ्या हातातली दोरी घेतली, आणि मी ती सोडली, कारण हातातून ओढून घ्यायची तर तेही नाहीच झालं असतं.

"सासरेबुवा, खुंटाला बांधू ना?" त्यानं विचारलं.

सगळे साकेआसीकडे बघत होते. मी पण. माझा मळा, माझा डोंगर, लंबासाचा पंखा, सगळं त्या भोपळ्याच्या तोंडात होतं. त्यानं ओठ उघडले. पहिलं अक्षर मला दिसलं. मग त्याची लेक दिसली, तिच्या कडेवरचं मूल दिसलं, आणि तो ढेपाळला.

"सेऽऽट," तो म्हणाला.

लांबवून. शेवटी खाली उतरवून. एवढा लांब सेट मी आयुष्यात ऐकला नव्हता.

माईकेली थांबला. त्यानं दोरीकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याचा बाप पायरीवरून उतरला, हळूहळू आला, मुलाच्या हातातून दोरी घेतली आणि माझ्या हातात परत दिली.

"सेट," तो म्हणाला. आखूड.

संपलं. आम्हाला आत नेलं, नारळाच्या दुधातले मासे वाढले, अळकुड्या वाढल्या. पावसाचं बोलणं झालं, पाद्रींच्या पायदुखीचं झालं. कापलेलं गवत पोरांनी वुलापुढंच टाकलं आणि तिनं ते सगळं खाल्लं, लाज न बाळगता. निघताना माईकेली मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, आमच्याकडे काळा घोडा आहे. वुलाला त्याच्यापासून शिंगरू झालं तर ते आम्हाला द्याल? मी हो म्हटलं. हा हो मला कुणी म्हणायला लावला नव्हता.

परत येताना साकेआसी म्हणाला, या सोमवारी बंदी उठवतो. मी विचारलं, आणि तू गवत कधी उपटणार? तो म्हणाला, मी जे बोललो ते नावातुकुलात बोललो, कायदा वुनिसेईचा आहे. मी म्हणालो, भोपळ्याला कायदा फुटला. तो म्हणाला, ऑक्टोपसाला घोडी मिळाली ते बघ आधी.

तोवर भरती आली होती आणि खाडीचं पाणी चढलं होतं. तो म्हणाला, मला मागं बसव. मी सरकून जागा दिली, तो कसाबसा चढला. वुलानं मान वळवून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि जागची हलेना. मी टाच मारली, त्यानं गोंजारलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी दोघं उतरलो. कमरेला गुंडाळलेल्या सुलू वर खोचून दोन्ही बाजूंनी तिला धरलं आणि पाण्यात शिरलो. पाणी कमरेच्या वर होतं. वुला मधून चालली, पाठ कोरडी ठेवून, आणि आम्हाला तिनं पलीकडे नेलं.