टेबलाचे पहिले चार इंच

गल्लीत तिला सगळे बाईमास्तर म्हणत. चाळीस वर्षं कपडे शिवून हे नाव तिने कमावलं होतं. एकदा माप घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ती ते बदलायची नाही, असा तिचा लौकिक. त्यामुळे राहतं घर सोडायचं तिने ठरवलं, तेव्हा तिची समजूत घालायच्या फंदात शेजारीपाजारी पडले नाहीत. चार खोल्या, बावीस पायऱ्या आणि एक कुरकुरणारा गुडघा. उद्या पायऱ्यांनीच तिला घराबाहेर काढण्यापेक्षा आज आपणच निघालेलं बरं, असा तिचा सरळ हिशेब होता. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालंही होतं.

हटून बसली ती फक्त थोरली मुलगी.

"आई, मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. ये ना आमच्याकडे."

"तिकडे मला शिवायला कोण देणार?"

"आता शिवायचं कशाला?"

"बघ. म्हणूनच नाही येत."

थोरलीचंही अगदीच चुकत नव्हतं. गेल्या वर्षी आई जिन्यात घसरली आणि दूधवाला वर येईपर्यंत तासभर पायरीवरच बसून होती. तेव्हापासून फोन उचलायला जरा उशीर झाला, की थोरलीचा जीव टांगणीला लागायचा.

शेवटी बाईमास्तरनेच अट घातली. "नवी खोली मी इथेच आखते. त्यात पलंग, मशीन, कपाट आणि माझं टेबल बसलं, तर मी तिकडे. नाही बसलं, तर मुकाट्याने तुझ्याकडे. आहे कबूल?"

"कबूल," थोरली म्हणाली. टेबल तिने पाहिलेलं होतं.

ते कापड बेतायचं टेबल सहा फुटी होतं. बाईमास्तरच्या नवऱ्याने कोणाच्या तरी मोडीत निघालेल्या दारातून ते बनवलं होतं. कडेने इंचाइंचावर पितळी खिळे ठोकले होते, म्हणजे बायकोला सारखी पट्टी शोधावी लागू नये. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती आजही कापड त्या खिळ्यांवरच मोजत होती.

बाईमास्तरने पदर खोचला आणि बाहेरच्या मोठ्या खोलीतली जमीन मोकळी केली. गुडघा रुसला म्हणून शिंप्याचा खडू काठीला बांधला आणि उभ्याउभ्याच चार भिंती ओढल्या. खिडकी आखली. दार उघडतं तेवढा अर्धगोलही काढला. मग आठवडाभर एकेक वस्तू उचलून ती रेघांच्या आत ठेवून बघत होती. जेवणाचं मोठं टेबल बाहेर राहिलं, ते वरच्या मजल्यावरचे घेऊन गेले. पाहुण्यांच्या गाद्या गेल्या. भांड्यांची फळी गेली. चिंध्यांची सात गाठोडी निघाली, तेव्हा मात्र ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसली. मग स्वतःशीच म्हणाली, "कोणाच्या गोधडीची वाट बघत होते मी?" गाठोडी संध्याकाळच्या आत हलली.

रविवारी थोरली आली, ती सुताराला घेऊनच. कपाट खोलायचं होतं. सुताराचे केस आता पिकले होते, पण त्याच्या शाळेच्या चड्ड्या बाईमास्तरनेच शिवल्या होत्या. त्यामुळे तो तिच्यासमोर जरा वचकूनच असे.

लांब भिंतीला पलंग आणि त्याला लागून टेबल. दोन्ही आत. वर इंचभर जागा शिल्लक.

"बसलं!" बाईमास्तर म्हणाली.

थोरलीने पर्समधून घरमालकाने दिलेला मापांचा कागद काढला आणि आईचीच टेप जमिनीवर धरली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"आई, खोली बारा फूट आहे. तू बारा फूट चार इंच आखलीयस."

"काहीतरीच काय!"

सुताराने मोजलं. चार इंच जास्तच.

बाईमास्तर मटकन पलंगावर बसली. चूक तिला लगेच उमगली. दोन्ही टोकांना तिने दोन-दोन इंच जास्त सोडले होते. शिवणीसाठी. पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. हाताला सवयच ती.

"भिंती उसवणार होतीस होय?" थोरली हसली, पण वर पाहिलं तर आईचा चेहरा उतरला होता.

"तीन इंच कमी पडतात," सुतार हळूच म्हणाला. "आडवं लावलं तर स्वयंपाकघराचं दार अडेल."

"चल आमच्याकडे," थोरली म्हणाली. आता तिचा आवाज मऊ होता. "तिथे टेबल अख्खं मावेल."

"टेबल मावेल गं. मी नाही मावणार."

बाईमास्तर उठली. टेबलाभोवती एक फेरी मारली. एका टोकाला खण होता, तिथे हात लावता येत नव्हता. दुसऱ्या टोकाला खिळ्यांची सुरुवात होती. तिने खडू घेतला, चौथ्या खिळ्यावर सुताराचा काटकोनी गुण्या धरला आणि सरळ रेघ ओढली.

"इथून काप."

"आई! बाबांनी ठोकलेत ते खिळे."

"अडुसष्ट राहतील की त्यांचे. जन्मभर थोरल्यांचे कपडे धाकट्यांना करून दिले मी. तुझा कोट नाही तुझ्या बहिणीला झाला?"

"ही फसवणूक आहे."

"टेबल कापायचं नाही, असं ठरलं होतं का?"

थोरलीने सुताराकडे पाहिलं. तो करवतीला धार आहे का ते बघण्यात एकदम गुंगून गेला होता.

"पण बाईमास्तर, तीनच इंच कमी पडतायत," तो म्हणाला. "चार कशाला?"

"चादर खोचायला बोटभर जागा नको? जास्तीचं सोडायचं ते भिंतीतून नाही रे, आपल्या टेबलातून. एवढं कळायला मला आठवडा लागला."

करवत चालू झाली. लाकूड जुनं, चिवट होतं. टेबल हलायला लागलं, तशी थोरली पुढे झाली आणि दोन्ही हातांनी तिने ते दाबून धरलं. कोणी सांगितलं नव्हतं.

तुकडा खाली पडला. थोरलीने तो उचलून पदराने पुसला.

"हा मी नेते."

"ने. माझ्याकडे जागा नाही."

"आणि रोज सकाळी आठला फोन. तू करायचास, मी नाही."

"साडेसातला करते. आठला गिऱ्हाईक येतं."

थोरलीने टेबलाच्या नव्या, कोऱ्या कडेवरून बोट फिरवलं. "आता पहिलाच खिळा पाचचा. मोजताना चुकशील बघ."

"चार वजा करीन," बाईमास्तर म्हणाली आणि जमिनीवरची टोकाची रेघ पायाने पुसून, दोन इंच आत, पुन्हा आखायला लागली.