खाप्याचे एकवीस अनार

नंदनवन हौशी आतषबाजी मंडळात आता चारच माणसं उरली होती. त्यातली तिघं सुपारी-तंबाखूचा खर्रा खायची, आणि चौथा धोंडबा होता.

एके काळी मंडळात सतरा जण होते. मग एकेक गळत गेला, आणि त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. एका दिवाळीला रॉकेट उभं जायचं सोडून आडवं गेलं आणि दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीत शिरलं. एका दसऱ्याला ‘साठ शॉट, साठ रंग’ लिहिलेल्या खोक्यातून अकरा निघाले. बाकीचे आत बसून धूर सोडत राहिले. मागच्या दिवाळीत ऐनवेळी पाऊस आला. ओल्या चक्र्या मंडळातल्या प्रीतमने आपल्या मोबाइलच्या दुकानात हेअर ड्रायरने वाळवायला घेतल्या. त्यातली एक काउंटरवरच फिरली आणि शोकेसमधली सगळी कव्हरं एकमेकांना चिकटली. तेव्हापासून कॉलनीतले लोक मंडळाचा कार्यक्रम बघायला हसायच्या तयारीनेच येत.

अपयशाचं धोंडबाला काही वाटत नसे. तीस वर्षं पाण्याच्या टाकीवर पंप चालवलेला माणूस. मशीन बंद पडते हे त्याला ठाऊक होतं. त्याला शिसारी यायची ती या माणसांची. तोंडात तोबरा भरून हे लोक आतषबाजीवर बोलणार, बोलताना लाल शिंतोडे उडवणार, आणि कार्यक्रम संपला की जळके कागद तसेच नालीत सोडून घरी जाणार. दुसऱ्या दिवशी झाडू धोंडबाच मारायचा. पूर्वी त्याच्यासोबत त्याची बायको गोपिका मारायची.

तरी या वर्षी तुळशीच्या लग्नाला तो आला, कारण घरी तांदळाच्या कोठीत एकवीस अनार होते.

ते गोपिकाने निवडलेले होते. खाप्याला एक म्हातारा कारागीर मातीच्या अनारांत दारू भरायचा. दर वर्षी दसऱ्याच्या आधी नवराबायको बसने खाप्याला जायचे. पिशवी धोंडबा धरायचा, निवड गोपिका करायची. माठ घेताना बाया करतात तसा ती एकेक अनार कानाशी धरून बोटाने वाजवायची. बद्द आवाज आला की बाजूला. तडकलेला अनार बॉम्बसारखा फुटतो आणि वात लावणाऱ्याचा डोळा घेऊन जातो, हे तिला माहीत होतं. बावीस वर्षांत तिने उचललेला एकही अनार फुटला नाही, की फुसका निघाला नाही. मंडळाची बाकी सगळी फजिती व्हायची, पण शेवटी गोपिकाबाईचे अनार लागले की लोक गप्प व्हायचे.

शेवटचे एकवीस तिने आणले आणि दिवाळीच्या आधीच दवाखान्यात गेली. परत आली नाही. खाप्याचा म्हातारा त्याच हिवाळ्यात वारला आणि त्याच्या पोरांनी ते काम बंद केलं. मागचं वर्षभर धोंडबाने कोठीचं झाकण उघडलं नाही. तांदूळ कोठीत असताना तो दुकानातून किलोकिलोने आणत राहिला. या वर्षी मात्र उघडावंच लागलं. माती ओल धरते, दारू मरते. आणखी एक पावसाळा त्या अनारांनी काढला नसता.

त्याला एवढंच हवं होतं की गोपिकाचे एकवीसही अनार एका ओळीत, पूर्ण उंचीचे, कॉलनीसमोर लागावेत. त्यानंतर मंडळ चुलीत गेलं तरी चालेल.

म्हणून रेती त्याने स्वतःच आणली. शेजारी फ्लॅट स्कीम बांधणाऱ्याला मागून, चाळून, दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवून. त्या रेतीने तेलाचे एकवीस रिकामे डबे भरले आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी चार वाजता यमुताईंच्या घरासमोरच्या मैदानात ओळीने मांडले. यमुताई कॉलनीतल्या सगळ्यात जुन्या. तुळशीचं लग्न त्यांच्याच अंगणात लागायचं, सगळ्या कॉलनीचं मिळून.

मंडळाचे अध्यक्ष चंपतराव ओळीच्या एका टोकाकडे, चौथ्या डब्याशी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं. ते आपणहून अध्यक्ष होते.

“चंपत, मी घरून अनार घेऊन येतो,” धोंडबा म्हणाला. “आंघोळ बी करतो. तू हलू नको इथून. मोकाट कुत्रे रेती पाहून येतात.”

“जा गा तू बिनधास्त. तू येईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो त अध्यक्षपद सोडीन.”

आणि चंपतराव उठले नाहीत, हे खरंच होतं. सव्वापाचला धोंडबा परत आला तेव्हा ते जिथल्या तिथे बसलेले होते. डब्यांतली रेतीही त्यांनी हाताने सारखी करून ठेवलेली दिसली. धोंडबाला बरं वाटलं. इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काही धड केलं, असं मनात येऊन गेलं. त्याने एकेक अनार गळ्यापर्यंत रेतीत रोवला.

सात वाजता लग्न लागलं. उसाच्या मांडवाखाली तुळस नटली होती. यमुताईंनी माइकवर मंगलाष्टका म्हटल्या, टाळ्या झाल्या, अक्षता पडल्या. प्रीतमने मोबाइल वर धरला.

“काका, लाइव्ह करून राहिलो. कॉलनीच्या ग्रुपवर सगळे पाहून राहिले. लावा तुम्ही.”

धोंडबाने फुलझडी पेटवली आणि खुर्चीकडच्या टोकापासून सुरुवात केली.

पहिला अनार कमरेएवढा चढला आणि बसला. दुसरा जोरात निघाला, खांद्याएवढा झाला आणि कोणी पाय ठेवावा तसा खाली दबला. तिसऱ्यातून नुसतं फुरफुर. चौथ्याने धूर सोडला.

“अबे, अगरबत्ती लावली का काकानं?” मागून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या.

धोंडबाने पाचवा लावला. तोही गुडघ्यापर्यंत येऊन विझला.

“गोपिकाबाईचे आहेत म्हणे.”

“हो, पण किती शिळे! वर्षभर कोठीत ठेवले.”

“तिचंही वय झालंच होतं ना. तिले तरी काय समजलं असणार शेवटी शेवटी.”

हे एका बाईने म्हटलं, हळूच, पण धोंडबाने ऐकलं. तो थांबला.

विझलेल्या अनाराजवळ पाव तास जायचं नाही. हा गोपिकाचा नियम होता आणि तो मोडायची आजही त्याची हिंमत नव्हती. तो दहा पावलं मागे सरला आणि मैदानात तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, संपलं. बायका प्रसादाकडे वळल्या. बाप्ये मोबाइलमध्ये आताच पाहिलेलं पुन्हा पाहून हसू लागले.

त्या पाव तासात धोंडबाच्या मनात जे आलं ते याआधी कधी आलं नव्हतं. त्या वर्षी खाप्याला जाताना गोपिकाच्या अंगात ताप होता. बसच्या खिडकीला डोकं टेकवून ती सगळी वाट झोपली होती. कारागिराच्या ओट्यावर बसायला तिने पाट मागितला होता. आधी कधी मागितला नव्हता. तिने नीट वाजवलेच नसतील का? हाताला लागले ते उचलले असतील का? आणि घरीच थांब, असं तो का म्हणाला नाही? त्याला अनार हवे होते म्हणून. तापलेल्या बाईला तो फटाक्यांसाठी बसमध्ये घालून घेऊन गेला होता. त्याला स्वतःचीच घाण वाटली. चंपतरावांची वाटायची त्याहून जास्त.

पाव तास झाला. तो गेला, पहिल्या डब्याशी उकिडवा बसला आणि विझलेला अनार काढायला रेतीत हात घातला.

हाताला गार लागलं. गार आणि चिकट.

त्याने मूठ बाहेर काढून मांडवाच्या उजेडात धरली. रेतीचा लाल गोळा झाला होता, त्यात सुपारीचे तुकडे. तंबाखू आणि चुन्याचा वास नाकात गेला. वरची चार बोटं रेती कोरडी, खालचा थर भिजलेला. त्याने दुसरा डबा उकरला. तसाच. तिसरा. तसाच. मातीच्या अनारांनी दोन तास ते सगळं शोषलं होतं; बुडं काळी पडली होती.

“चंपत!”

चंपतराव आले. तोंड भरलेलं असल्याने त्यांनी हनुवटी वर करूनच ‘काय’ विचारलं.

“हे काय आहे?”

चंपतरावांनी वाकून पाहिलं, बाजूला पिचकारी मारली आणि तोंड मोकळं केलं. “खर्रा होय.”

“डब्यात थुंकला तू?”

“मंग कुठं थुंकू गा? तूच म्हटलं ना, हलू नको. नालीपर्यंत गेलो असतो अन् कुत्रं आलं असतं, त तूच बोंबलला असता.”

“माह्या रेतीत थुंकला?”

“रेतीच त होती, धोंडबा! ऑफिसात आयुष्यभर आग विझवायच्या बालटीतल्या रेतीतच थुंकलो, कोणी बोललं नाही. अन् वरून कोरडी रेती लोटली मी. तुले दिसली का घाण? नाही दिसली.”

प्रीतम जवळ येऊन मोठ्याने हसला. “म्हणजे काका, अध्यक्षांनीच पाणी टाकलं कार्यक्रमावर.”

“किती डबे?” धोंडबाने विचारलं.

“हात पुरला तेवढे. सात असतील. एकाच डब्यात थुंकलो असतो त भरून आला असता ना, तुले दिसलं असतं.” यात आपली काही समजदारी आहे, असं चंपतरावांना मनापासून वाटत होतं.

धोंडबाच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. त्याने सहावा आणि सातवा अनार उपसून बाजूला ठेवला. दोन्हींची बुडं ओली. आठव्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. रेती उन्हात होती तशी कोरडी, सुळसुळीत. नववा कोरडा. शेवटपर्यंत कोरडे.

तो तसाच, लाल झालेल्या हाताने, यमुताईंच्या अंगणात गेला.

“यमुताई, माइक द्या.”

“भाऊजी, हाताले काय लागलं? रक्त आहे का?”

“रक्त असतं त बरं होतं. तुम्हीच धरा माइक. माह्या हातानं नका घेऊ देऊ.”

यमुताईंनी माइक त्याच्या तोंडासमोर धरला. धोंडबा आयुष्यात माइकवर बोलला नव्हता.

“मी धोंडबा बोलून राहिलो. अनार खराब नव्हते. गोपिकानं निवडले होते, ते चांगले आहेत. चंपतराव रेतीत खर्रा थुंकले. सात डब्यांत. म्हणून विझले. अजून चौदा आहेत. पाह्यचे असतील त या. बस.”

एका बाल्कनीतून हसू फुटलं आणि सगळीकडे पसरलं. लोक परत आले, आधीपेक्षाही जास्त आले. पण आले आणि आधी थुंकीचे डबे पाहायला वाकले. नाकाला पदर लावून वाकले, मोबाइलचा टॉर्च मारून वाकले, फोटो काढले. चंपतराव खुर्ची उचलून झाडामागे जाऊ लागले तशी पोरीबाळी त्यांच्या नावाने ओरडल्या. धोंडबाला त्याचाही आनंद झाला नाही. हीच माणसं मघाशी गोपिकाला नावं ठेवत होती.

त्याने दुसरी फुलझडी घेतली. आठव्या डब्याशी आला तेव्हा त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. हा विझला तर दोष द्यायला थुंकीसुद्धा नव्हती.

वात धरली. तो मागे झाला.

अनार आधी थोडा कुरकुरला. मग उठला. यमुताईंच्या गच्चीच्या कठड्याएवढा उंच गेला आणि तिथे उभा राहिला, पांढरा, भरगच्च, आवाज न करता. फक्त धार पडल्यासारखी सूं लागली. मागे कोणी शिट्टी वाजवली नाही. धोंडबाने नववा लावला, दहावा लावला. तो थांबला नाही, लोकांकडे वळूनही पाहिलं नाही. चौदाच्या चौदा पूर्ण उंचीचे लागले. तापात वाजवलेले, पाटावर बसून वाजवलेले, आणि एकही बद्द नव्हता.

शेवटचा विझल्यावर यमुताई डोळे पुसत म्हणाल्या, “पाहून घे रे प्रीतम, घेतलं ना रेकॉर्ड? मघाचं मिटव अन् हे टाक ग्रुपवर.”

“आजी, बॅटरी संपली ना पहिल्यातच.”

धोंडबाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. आता ते मोबाइलमध्ये नसलं तरी चालणार होतं.

लोक गेले. धोंडबाने पाण्याची बादली आणली आणि खराब झालेले साती अनार त्यात एकेक करून बुडवले. झाडामागून चंपतराव आले. तोंड रिकामं होतं. गाल बसलेले दिसत होते.

“दोन त लावलेच नव्हते गा. वाळवून पाह्यले असते.”

“वाळवले त तडकतील. तडकले त फुटतील.”

चंपतरावांनी बादलीत वाकून पाहिलं. “वहिनी असती त हसली असती माह्यावर.”

“हसली नसती.”

“मंग काय केलं असतं तिनं?”

धोंडबाने सात डबे ओढत आणून त्यांच्यासमोर ठेवले आणि पहिला त्यांच्या पायाशी पालथा केला. चिकट रेतीचं ढेकूळ भदकन पडलं. चंपतराव एक पाऊल मागे सरले, नाकाला रुमाल लावला.

“मले मळमळून राहिलं, धोंडबा.”

“तुह्याच तोंडातलं आहे. काहून मळमळते?” धोंडबा म्हणाला, आणि काथ्याची घासणी त्यांच्या हातात दिली. “घास. आतून घासजो. वास गेला पाहिजे.”